सायंकाळचा अर्धा तास आणि एक गोल्डफिश

प्रश्न : मी कोथरूडला राहते, वय ५६. सासूबाईंचा स्मृतिभ्रंश वाढत गेला, तेव्हा तीन वर्षांपूर्वी शाळेतील नोकरी सोडली. दिवेलागणीच्या वेळी त्यांची घालमेल सुरू होते. दाराशी उभ्या राहून त्या "घरी कधी जायचे?" असे विचारत राहतात, आणि हेच त्यांचे घर आहे, हे कितीही सांगितले तरी त्यांना पटत नाही. दोन महिन्यांपूर्वी माझा भाचा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि जाताना दोन गोल्डफिश असलेले काचेचे गोल भांडे आमच्याकडे ठेवून गेला. एके दिवशी मी थकून त्या भांड्यासमोर बसले, तर सासूबाईही शेजारी येऊन बसल्या आणि अर्धा तास काहीही न विचारता पाहत राहिल्या. त्यानंतर हा आमचा नेमच झाला. मात्र महिन्याभरात एक मासा मेला. मी एक दिवसाआड सगळे पाणी बदलत होते, भांडे साबणाने घासत होते. मासा सारखा वर येऊन तोंडाची उघडझाप करी, म्हणून भूक लागली असेल असे वाटून जास्त खायलाही घालत होते. शेजारीण म्हणाली, घरावरची पीडा माशाने नेली. यजमान म्हणतात, मुक्या जिवाला डांबून कसली शांती मिळते? माझ्या हातून पाप झाले का? दुसरा मासा ठेवू की देऊन टाकू? ठेवला, तर मला आणखी एका जिवाची सेवा झेपेल का?

उत्तर : ताई, आधी मेलेल्या माशाविषयी लिहितो, कारण तुमचा बाकीचा विचार त्याच्यापाशीच अडलेला दिसतो. तुमच्या हातून चूक झाली, हे खरे आहे, पण ती निष्काळजीपणाची नाही. दुधाचे पातेले घासावे तशा निगुतीने तुम्ही ते भांडे एक दिवसाआड घासत होतात, आणि नेमके तेच त्या माशाला सोसले नाही. शेजारणीचे सांत्वन तुम्ही मनावर घेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन. मासा मेला की पीडा गेली, असे मानण्याची सोय पुष्कळ घरांत असते, आणि या सोयीमुळेच मासा का मेला, याचा शोध कोणी घेत नाही व पुढच्या आठवड्यात तशाच भांड्यात नवा मासा येतो.

कारण असे आहे. मासे आपल्या शरीरातील नको असलेला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतात, आणि न खाल्लेले अन्न कुजले की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो कोठच्या कोठे विरून जातो. पाच-सहा लिटरच्या भांड्यात तो साचतो आणि माशाचे कल्ले भाजून काढतो. श्वास पुरेना झाला की मासा पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो. तुम्हाला जी भूक वाटली ती बहुधा धाप होती, आणि त्यावर तुम्ही जे जास्तीचे अन्न घातलेत त्याने अमोनियात भरच पडली. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, याची मला कल्पना आहे. पण दुसरा मासा अजून जिवंत असल्यामुळे हे लिहिणे भाग आहे.

निसर्गात या विषाची वासलात दोन प्रकारचे जिवाणू लावतात. पहिले अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच असते, कारण ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करते. दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते मासा बऱ्याच प्रमाणात सहन करू शकतो. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर आणि काचेवर बुळबुळीत थर करून राहतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही दर एक दिवसाआड साबणाने तो थर धुऊन टाकत होतात, आणि वर नळाचे ताजे, क्लोरीनयुक्त पाणी घालत होतात. क्लोरीन आपल्यासाठी पाणी निर्जंतुक करतो, तेव्हा तो या उपयुक्त जंतूंनाही सोडत नाही आणि कल्ल्यांनाही इजा करतो. मी स्वतः वीस वर्षांपूर्वी पहिली टाकी घेतली, तेव्हा एका दुकानदाराने आठवड्याला सगळी टाकी रिकामी करून फिल्टर नळाखाली स्वच्छ धुवा, असे मला बजावून सांगितले होते. मी ते आज्ञाधारकपणे केले आणि चार दिवसांत सात गप्पी गमावले. महापालिकेचे कर्मचारी डासांच्या अळ्या खाण्यासाठी ज्यांना डबक्यांत आणि हौदांत सोडतात, ते हे काटक गप्पी. तेही माझ्या स्वच्छतेपुढे टिकले नाहीत.

आता तुमच्या यजमानांच्या आक्षेपाकडे वळतो, कारण तो मला शेजारणीच्या सांत्वनापेक्षा पुष्कळ अधिक मोलाचा वाटतो. गोल भांड्यापुरते त्यांचे म्हणणे संपूर्ण खरे आहे. गोल्डफिश हा दुकानात बोटभर दिसतो, पण तो कार्पच्या कुळातला मासा आहे. नीट वाढला तर जाड अंगाचे, फुगीर शेपटीचे प्रकारही सहज वीतभर होतात, आणि लांबट, साध्या शेपटीचे त्याहून मोठे. दहा-पंधरा वर्षे जगणे ही त्याच्यासाठी असामान्य गोष्ट नाही. असा मासा गोल भांड्यात ठेवणे म्हणजे माणसाला न्हाणीघरात जन्म काढायला लावण्यासारखे आहे. चित्रांमुळे आणि जाहिरातींमुळे गोल्डफिश आणि गोल भांडे ही जोडी आपल्या डोळ्यांत इतकी बसली आहे की तीत काही वावगे आहे, हे जाणवतही नाही. तेव्हा त्यांना सांगा की तुमचे म्हणणे मान्य आहे, आणि म्हणूनच भांडे जाणार आहे. मोठ्या टाकीतही तो बंदिवानच राहील, असे ते म्हणतील, आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पिढ्यान्‌पिढ्या टाकीत आणि हौदात वाढवलेला हा मासा बाहेर सोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे, एवढे मात्र मी खात्रीने सांगतो. मुठेत, पाषाणच्या तलावात किंवा एखाद्या देवळाच्या कुंडात तो सोडण्याचा विचार कोणी मनात आणू नये. तो तेथे मरेल किंवा जगून तेथल्या जिवांना त्रास देईल. टाकी साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा मोठा झाला की लोक असाच पाण्यात सोडून देतात, आणि पुण्याचे पाणी जेथे शेवटी जाते त्या उजनीच्या जलाशयात तो आज मच्छीमारांच्या जाळ्यांत अडकून त्यांची डोकेदुखी झाला आहे.

म्हणून तुमच्यापुढे दोनच मार्ग आहेत. ज्याच्याकडे मोठी टाकी आहे अशा कोणाला तरी मासा देऊन टाकावा, किंवा स्वतः मोठी टाकी घ्यावी. पहिल्या मार्गात कमीपणा काही नाही. परंतु तुमच्या पत्रातील "अर्धा तास काहीही न विचारता" हे शब्द मी दोनदा वाचले, आणि मला वाटते की तुम्ही दुसरा मार्ग घ्यावा.

टाकी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच घ्या. तीत सुमारे १२७ लिटर पाणी मावते. वरची कड मोकळी ठेवली तर ११५ लिटरच्या आसपास. काच आणि खडी धरून हे वजन दीडशे किलोच्या घरात जाते, म्हणून ती टीपॉयवर किंवा टीव्हीच्या कपाटावर ठेवायची नाही. भिंतीला लागून, भक्कम लोखंडी स्टँडवर, खाली थर्माकोलचा पातळ थर घालून ठेवायची. खिडकीचे थेट ऊन तिच्यावर पडू देऊ नका, नाहीतर आठ दिवसांत काच हिरवी होईल. गणेशोत्सवात तुमच्या खिडकीखाली मांडव पडत असेल तर टाकी त्या बाजूला नको, कारण माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंनी पाण्यातील कंपने टिपणारी एक संवेदनशील रेषा असते आणि स्पीकरचा दणका त्यांना अंगभर जाणवतो. फिल्टर टाकीच्या मानाने एक माप मोठाच असावा, कारण गोल्डफिश फार घाण करतो. हीटरची मात्र गरज नाही. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा आहे आणि पुण्याच्या डिसेंबरातील घरातले पाणी त्याला मानवते. त्याला जड जातो तो एप्रिल-मे. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून त्या दोन महिन्यांत हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवा, आणि वीज जाईल तेव्हासाठी बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप घरात असू द्या. बर्फ टाकू नका; तापमानातील अचानक बदल उकाड्यापेक्षा घातक ठरतो.

या टाकीत एकट्या माशाला लगेच सोडता येईल, कारण पाणी जास्त असल्यामुळे अमोनिया तितका दाटत नाही. पिशवी किंवा छोटी बादली टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवून, वीस-पंचवीस मिनिटे थोडे थोडे टाकीचे पाणी तीत घालत त्याला सरावू द्या. आणि एक काम अवश्य करा : ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधील वापरलेल्या स्पंजचा एक तुकडा मागून आणा, टाकीच्याच पाण्यात ओला ठेवून, आणि तो तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. हे विरजण आहे. विरजणाशिवाय दूध नुसते नासते, हे तुम्हाला मी सांगायला नको. विरजण मिळाले तरी दही लागायला वेळ द्यावाच लागतो, म्हणून पहिले सहा आठवडे दुसरा मासा आणायचा नाही. तो एकटा आहे म्हणून दया येईल, सासूबाईही कदाचित विचारतील, तरी नाही. या काळात थेंबांनी तपासायचा अमोनिया आणि नायट्राइटचा संच घेऊन दोन दिवसांनी एकदा पाणी तपासा. दोन्हींपैकी काहीही शून्याच्या वर दिसले तर चौथा हिस्सा पाणी बदला. दोन्ही आकडे सलग दोन आठवडे शून्यावर राहिले की त्याच जातीचा आणखी एक मासा आणा आणि तेथे थांबा. दुकानदार टाकी साफ करणारा सकर गळ्यात मारू पाहील, भडक गुलाबी-निळ्या रेघांचे काचेसारखे पारदर्शक मासे दाखवील. त्या रेघा बऱ्याचदा सुईने टोचून भरलेला रंग असतात. यांपैकी काहीही घेऊ नका.

सेवा झेपेल का, हा तुमचा प्रश्न मला सर्वांत प्रामाणिक वाटला. रोजचे काम पाच मिनिटांचे आहे : दोन वेळा चिमूटभर अन्न आणि फिल्टर चालू आहे ना, हे पाहणे. गोल्डफिशला जठर नसते, अन्न सरळ आतड्यात जाते, म्हणून एकदम पुष्कळ घालण्यापेक्षा मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढेच, बुडणाऱ्या गोळ्यांच्या स्वरूपात घालावे. आठवड्यात एक दिवस काहीच घातले नाही तरी त्याचे बिघडत नाही. तुमच्याकडे एकादशी होत असेल तर महिन्यातून दोनदा त्याचीही करा. खरे काम आठवड्यातून एकदा, अर्ध्या-पाऊण तासाचे असते. नळीने तळाची घाण ओढत चौथा हिस्सा, म्हणजे साधारण दोन बादल्या पाणी काढायचे आणि तेवढेच नवे घालायचे. नवे पाणी आदल्या रात्री बादल्यांत काढून उघडे ठेवले म्हणजे क्लोरीन बराचसा उडून जातो, आणि त्यावर क्लोरीन मारणारे थेंब टाकले की निर्धास्त व्हावे. पावसाळ्यात पाण्याला औषधाचा वास येतो तेव्हा थेंब विसरू नका. हे काम रविवारी ठेवा. पुण्यात देखभालीसाठी पाणी बंद ठेवायचे तर बहुधा गुरुवारच निवडला जातो आणि शुक्रवारी पाणी येते ते कमी दाबाने, तेव्हा हे दोन दिवस बादल्यांचा विचारही नको. सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरचे पाणी मिसळत असेल तर ते बहुधा जड, म्हणजे जास्त क्षार असलेले, असते. गोल्डफिशला ते चालते, फक्त एकाच दिवशी निम्मी टाकी त्याने भरू नका. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, आणि तोही टाकीतून काढलेल्या बादलीतच पिळून घ्यायचा. नळाखाली नाही. साबण तर घराच्या त्या कोपऱ्यातही नको. काढलेले पाणी झाडांना घालावे. त्यातील नायट्रेट हे खतच आहे, आणि पाण्याची नासाडी होते म्हणणाऱ्यांना तुमची तुळस परस्पर उत्तर देईल.

दोन बादल्या उचलण्याचे काम तुम्ही करू नये. ते यजमानांना द्या. मुक्या जिवाची ज्यांना इतकी कणव आहे त्यांच्या हाती त्याचे पाणी सोपवणे योग्यच होईल, आणि आठवड्यातील तेवढा पाऊण तास तुम्ही कोणाचेही काही करत नसाल. हे मी गमतीने लिहिलेले नाही.

सासूबाईंच्या बाबतीत काही गोष्टी सांभाळाव्या लागतील. माशाच्या अन्नाची बाटली त्यांच्या हाती लागू देऊ नका. माया म्हणून त्या ती पूर्ण रिकामी करतील, किंवा एखादे वेळी स्वतः खातील. थेंबांच्या बाटल्या औषधांच्या कुलुपात ठेवा. त्यांना भरवण्याची हौस असेल तर दिवसाचे मोजके दाणे एका छोट्या डबीत काढून ती डबी त्यांच्या हातात द्या. टाकीवर घट्ट झाकण हवे. वायर बटणाकडे जाण्याआधी खाली लोंबती ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी बटणापर्यंत पोचणार नाही. आणि टाकीत हात घालण्यापूर्वी सर्व बटणे बंद करण्याचा नियम घरात सर्वांनी पाळावा. आणखी एक गोष्ट, जी सहसा लक्षात येत नाही : संध्याकाळी खोलीत अंधार आणि काचेवर प्रतिबिंब असे झाले, तर स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला त्यात कोणी परका उभा आहे असे वाटून भीती वाटू शकते. म्हणून टाकीमागे फिकट निळा कागद लावा, आणि दिवेलागणीच्या आधीच खोलीतला व टाकीतला असे दोन्ही दिवे लावून ठेवा. चांगला उजेड संध्याकाळच्या त्या घालमेलीवर एरवीही उपयोगी पडतो.

तुम्हा दोघींना जे जाणवले त्याला थोडा अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अल्झायमर झालेल्या ६२ रुग्णांच्या जेवणघरांत मत्स्यालये ठेवली होती. त्यानंतर त्यांचे जेवण वाढले आणि वजनही. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या मत्स्यालयात एक मोठी टाकी नव्याने भरली जात होती, तेव्हा तिच्यापुढे बसणाऱ्यांची नाडी आणि मनःस्थिती तपासली गेली, आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले : नुसत्या पाण्यानेही लोक निवळत होते, मासे वाढत गेले तसा परिणामही वाढला. हे अभ्यास लहान आहेत आणि टाकी हे औषध नव्हे. सासूबाई जेवायला बसतात ती जागा टाकीसमोर नेऊन पाहा. उपयोग झाला तर ठीक, न झाला तर काही बिघडत नाही. त्या एखाद्या संध्याकाळी टाकीकडे पाहणारही नाहीत आणि दाराशीच उभ्या राहतील. त्या दिवशी टाकीने फसवले असे वाटून घेऊ नका. मेलेल्या माशाची बातमी तर त्यांना पुन्हा पुन्हा देऊच नका. त्यांनी विचारलेच तर दिसणाऱ्या माशाकडे बोट दाखवा.

तुमच्याबद्दल तुम्ही पत्रात फारच थोडे लिहिले आहे. थकून त्या भांड्यासमोर बसले, एवढेच. हा अर्धा तास तुम्हाला मानवतो, याचे कारण मला असे दिसते की दिवसभरात तुमच्यासमोर येणारी प्रत्येक व्यक्ती काहीतरी विचारते किंवा मागते, आणि मासा तसे करत नाही. तो डावीकडून उजवीकडे जातो आणि परत येतो, आणि डोळ्यांना त्याच्यामागे जाण्यापलीकडे काही करावे लागत नाही. तो अर्धा तास जपा. पण रात्री झोप लागत नसेल, उगाच रडू येत असेल, सासूबाईंवर ओरडून मग तासभर स्वतःला दोष देणे चालू असेल, तर हे सासूबाईंच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत स्वतःसाठी म्हणून सांगा, आणि आठवड्यातून दोन दुपारी मदतीला कोणी मिळते का, ते पाहा. ते काम मासा करणार नाही.

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. हा छंद लागला की दोन महिन्यांत दुसऱ्या टाकीची इच्छा होते, मग जिवंत वनस्पतींची, मग महागड्या दिव्यांची, आणि शांततेसाठी घेतलेल्या गोष्टीची काळजी करत माणूस रात्री दोनला फिल्टरचा आवाज ऐकत जागा राहतो. मी हे सगळे करून चुकलो आहे. तुम्ही एका टाकीवर आणि दोन माशांवर राहा.

मोकळे होणारे ते गोल भांडे कोणाला देऊ नका, कारण ते घेणारा त्यात पुन्हा मासाच ठेवील. टाकीतून काढलेले पाणी त्यात भरा, मनी प्लांटची एक फांदी खोचा आणि सासूबाई उभ्या राहतात त्या दाराजवळच्या कोनाड्यात ते ठेवून द्या.